संगणक कक्षाची किल्ली कोणाकडे?

पाऊस तोंडावर आला की आमच्याकडे घरोघरी आगोटीची कामं निघतात. लाकडं पडवीत येतात, कौलं शाकारली जातात, मसाला बरण्यांत भरला जातो. शाळेच्या संगणक कक्षाची आगोट मात्र कोणी करत नाही आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे पत्रं यायला लागतात. दापोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी तेवीस वर्षं संगणक शिकवते आणि शाळेची पोर्टलंही मीच भरते. त्यामुळे यातले बहुतेक प्रश्न मला आधी स्वतःला पडलेले आहेत. यंदा पत्रं लवकर आली, म्हणून उत्तरंही पावसाच्या आधी देते आहे.

ताई, सप्रेम नमस्कार. आमची अनुदानित माध्यमिक शाळा, पट २१४. मुलांची नावं, जन्मतारीख, आधार क्रमांक आणि पालकांचे मोबाइल नंबर अशी एक्सेल फाइल ‘अर्जंट’ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, असा निरोप वर्षातून तीन-चारदा येतो. ग्रुपवर ऐंशीएक माणसं आहेत. टाकली नाही तर शाळेचं नाव ‘माहिती अप्राप्त’ यादीत झळकतं. काय करावं?
— मुख्याध्यापिका, गुहागर तालुका

बाई, टाकू नका. यादीत नाव झळकलं तरी चालेल.

हे मी नियमाच्या पुस्तकातून सांगत नाही. २०१९ साली आमच्या नववीच्या वर्गाची अशीच यादी मी स्वतः, घाईत, भलत्याच ग्रुपवर टाकली होती. पाच मिनिटांत चूक लक्षात आली, मी ती डिलीट केली आणि निश्चिंत झाले. तोवर कोणीतरी ती उतरवून घेतली होती. त्या यादीत हर्णैच्या एका मुलीच्या आईचा नंबर होता. तिला आठवडाभर रात्री-अपरात्री फोन येत राहिले. शेवटी ती शाळेत आली. मासळीची पाटी तिने दाराबाहेर ठेवली, हात पदराला पुसले आणि एवढंच म्हणाली, “बाई, नंबर मी शाळेला दिलेला.” मी तिची माफी मागितली. तिने नंबर बदलला, पण तिची सगळी गिऱ्हाइकं जुन्या नंबरावर होती. तिचं ते नुकसान मी भरून देऊ शकले नाही.

आता कायद्याचं. आधार क्रमांक जाहीर करायला किंवा उघड्यावर लावायला २०१६ च्या आधार नियमांपासूनच मनाई आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, म्हणजे तुमच्या शाळेतली दोनशे चौदाच्या दोनशे चौदा मुलं. माहिती फुटली तर ज्याची माहिती आहे त्याला विनाविलंब कळवायचं आणि सविस्तर अहवाल ७२ तासांत या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाकडे द्यायचा, असं नियम सांगतात. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याचा दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. तो आकडा आपल्यासाठी नाही असं समजून सोडून देऊ नका. आपल्यासाठी तो आकडा म्हणजे हर्णैची ती आई.

प्रत्यक्षात असं करा. निरोप तोंडी किंवा ग्रुपवर आला तर नम्रपणे लेखी पत्र मागा. ‘सदर माहिती यू-डायस प्लस व सरल पोर्टलवर अद्ययावत असून कार्यालयाच्या लॉगिनमधून उपलब्ध आहे’ हे वाक्य मी कागदावर टाइप करूनच ठेवलं आहे. (ही दोन्ही शाळांची माहिती भरायची सरकारी पोर्टलं.) तेवढ्या उत्तरावर बऱ्याचदा विषय मिटतो. तरीही माहिती लागतच असेल तर नेमके कोणते रकाने हवेत ते विचारा. आधारचे शेवटचे चार आकडे पुरत असतील तर चारच द्या. फाइलला पासवर्ड लावा, ती कार्यालयाच्या ई-मेलवर पाठवा आणि पासवर्ड फोन करून सांगा. पाठवलेल्या फाइलची जावक नोंद करा, जशी टपालाची करतो तशीच.

‘अपार’ आयडीबद्दल, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला मिळणाऱ्या कायमच्या शैक्षणिक क्रमांकाबद्दल, तुम्ही पत्राच्या कडेला बारीक अक्षरात विचारलंय, तेही सांगते. त्याला पालकांची संमती लागते आणि ती नाकारायचा हक्क त्यांना आहे. संमतीपत्रावर वर्गशिक्षकांनी परस्पर सह्या केल्याचं मी ऐकते तेव्हा मला फार वाईट वाटतं. पालक वाडीवर राहत असतील, कामाला जात असतील, तर सभेच्या दिवशी किंवा सोमवारच्या बाजारात गाठा, पण सही त्यांचीच हवी. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा.

संच मान्यता, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं मिळणार ते, आधार-प्रमाणित पटावर ठरते, त्यामुळे शिक्षकाचं पद जाण्याच्या भीतीने ही घाई होते, हे मला पक्कं ठाऊक आहे. ती भीती खरी आहे. पण पटाचं काम पोर्टलवर होतं, ग्रुपवर नाही. आणि एक राहिलंच. तुमच्या कार्यालयात संगणकाच्या वर भिंतीला यू-डायसचा आयडी आणि पासवर्ड चिकटवलेला असेल, तर हे पान वाचून झाल्यावर आधी तो कागद काढा आणि पासवर्ड बदला. कागद लावला आहे का, हे मी विचारत नाही. तो बहुतेक शाळांत लावलेला असतोच.

मॅडम, दरवर्षी पहिल्या विजांत आमचे दोन-तीन संगणक जातात. पॉवर सप्लाय, मदरबोर्ड, राउटर. यूपीएस आहेत. शाळा सड्यावर आहे, सगळा कातळ. दुरुस्तीवाला म्हणतो ‘व्होल्टेजचा प्रॉब्लेम’, वीजवाले म्हणतात ‘आमच्याकडून बरोबर आहे’. यावर काही सरकारी मानक आहे का?
— संगणक शिक्षक, राजापूर तालुका

आहे सर, आणि तुमच्या पत्रातल्या ‘सगळा कातळ’ या दोन शब्दांतच दुखणं आहे. तुमची अर्थिंग मेलेली असणार.

भारतीय मानक ब्युरोचं आयएस ३०४३ हे अर्थिंगचंच मानक आहे. विजेला जमिनीत शिरायला वाट हवी. मातीत ओल आणि क्षार असतील तर ती वाट सोपी होते. जांभ्याचा कातळ चैत्र-वैशाखात तापून कोरडा ठणठणीत होतो आणि वीज धरतच नाही. नेमक्या त्याच वेळी, मे अखेरीस, वळवाच्या विजा सुरू होतात. वर्षभर बरं चाललेलं यंत्र त्या आठवड्यात जातं ते यामुळे.

आमच्याकडे हेच व्हायचं. २०१६ साली एका जुन्या वायरमन काकांना बोलावलं. त्यांनी मल्टिमीटर काढला आणि मला शेजारी उभं केलं. फेज आणि न्यूट्रल: २२८ व्होल्ट, ठीक. मग एक टोक न्यूट्रलमध्ये, दुसरं अर्थच्या मोठ्या भोकात. तिथे दोन-तीन व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. आला ४१. काका म्हणाले, “बाय, ही अर्थिंग नाय, नुसती शोभा.” मागे जाऊन पाहिलं तर अर्थिंगचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वरून दिसायला धड, पण जमिनीखाली वीतभर गेल्यावर गंजून पापड झालेला. तारेचा नट हातात आला. समुद्र आमच्यापासून दीड किलोमीटर. त्या खाऱ्या हवेने वरचे सांधे खाल्ले आणि खड्ड्यात टाकलेल्या मिठाने खालचा पाइप खाल्ला.

कातळात खोल खणणं खर्चाचं होतं. म्हणून काकांनी तार खाली उतारावर नेली, जिथे माडाच्या आळ्यात मोरीचं पाणी जातं आणि माती बारा महिने ओली असते. तिथे नवा पाइप, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी, वर झाकणाची चौकट आणि पाणी ओतायला नरसाळं. सांध्यांना ग्रीस. न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्टवर आला. त्यानंतरच्या पावसाळ्यांत आमचा एकच राउटर गेला, आणि तोही टेलिफोनच्या तारेतून. म्हणून आभाळ काळवंडलं की विजेचा प्लगच नाही, तर नेटची आणि लॅनची वायरही काढून ठेवायची. हे काम आमच्याकडे आठवीची मुलं करतात, मेन स्विच मी बंद केल्यावर.

तुमच्यासाठी तीन कामं. मार्चपासून दर शनिवारी अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी, शिपाईमामांच्या कामाच्या यादीत लिहून. एप्रिलमध्ये लायसन असलेल्या वायरमनकडून मोजणी, आकडा आणि तारखेसह, त्याच्या सहीने. आणि यूपीएसची तपासणी. यूपीएस आणि लॅपटॉपचे अ‍ॅडॅप्टर मानक ब्युरोच्या अनिवार्य नोंदणीत येतात. पाठीमागच्या लेबलवर ब्युरोची खूण, मानकाचा क्रमांक (यूपीएसला आयएस १६२४२, अ‍ॅडॅप्टरला आयएस १३२५२) आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षरापुढे आठ आकडे हवेत. ‘बीआयएस केअर’ हे अ‍ॅप फोनवर घ्या आणि तो क्रमांक त्यात टाका. कंपनीचं नाव आणि वस्तू जुळली नाही तर ती वस्तू परत. खरेदीच्या वेळी हे दुकानातच उभं राहून करा, बिल झाल्यावर नाही. आमच्याकडे आलेल्या सहा यूपीएसपैकी दोघांवर क्रमांकच नव्हता. पुरवठादार कुरकुरला, पण त्याने बदलून दिले.

आमच्या प्राथमिक शाळेला देणगीत मिळालेले आठ संगणक विंडोज १० चे आहेत. आता ते बेकायदेशीर झाले का?
— शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, अलिबाग तालुका

बेकायदेशीर नाही, उघडे पडले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला, म्हणजे नवी भगदाडं सापडली तरी ती बुजवायला नेहमीसारखं कोणी येणार नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. देणगीतले संगणक बहुधा चिपवरच अडतात. ‘करून देतो’ म्हणून कोणी आडवाटेने ११ टाकून दिलं तर घेऊ नका. उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली घाला. पोर्टलं ब्राउझरमध्ये चालतात आणि मुलांना चित्र काढायला, टाइप करायला सगळं त्यात आहे. याच किनाऱ्यावर खाली केरळात सरकारी शाळा कित्येक वर्षं मुक्त प्रणालीवर चालतात. मुलांची माहिती भरायचं काम मात्र जुन्या विंडोजवर करू नका, एवढं आजपासून पाळा.

ताई, मी निवृत्त शिक्षिका. माझा मुलगा इंग्लंडमध्ये एका शाळेत संगणकाची व्यवस्था बघतो. तो सांगतो, तिकडे सरकारने शाळांसाठी तंत्रज्ञानाची मानकं ठरवून दिली आहेत आणि त्यांचं दिवसभर तेच चालतं. इकडे आमच्या गावच्या शाळेत संगणक कक्षाला कुलूप. योजनेतला शिक्षक पाच वर्षांनी गेला आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. तिकडचं आपल्याला काही घेता येईल का, की ते श्रीमंतांचे चोचले?
— एक वाचक, मालवण

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चोचले नाहीत हो बाई. त्यातलं अर्धं तर बिनपैशाचं आहे.

तिथल्या शिक्षण खात्याने २०२२ पासून ही मानकं टप्प्याटप्प्याने काढली. त्यातली सहा २०३० पर्यंत सगळ्या शाळांनी गाठावीत अशी त्यांची अपेक्षा आहे: ब्रॉडबँड, वायफाय, नेटवर्क स्विच, सायबर सुरक्षा, नको त्या साइट अडवणं आणि त्यावर लक्ष ठेवणं, आणि सहावं डिजिटल नेतृत्व. पहिल्या तिघांना पैसा लागतो. तिथे प्राथमिक शाळेलाही किमान १०० एमबीपीएस वेग धरतात. तुमच्या गावात ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची (गावोगाव इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची) फायबर आली असेल तर शाळेपर्यंत ती ओढून घेण्यासाठी ग्रामसभेत ठराव मांडा. त्यापुढचं आपल्या हातात नाही.

पण सहावं बघा. ते म्हणतं, शाळेच्या वरिष्ठ नेतृत्वातल्या एका व्यक्तीकडे तंत्रज्ञानाची जबाबदारी नावानिशी द्या, काय काय यंत्रं आहेत त्याची नोंदवही ठेवा, आणि संकट आलं तर काय करायचं त्याची योजना लिहून ठेवा. याला एक रुपया लागत नाही. आपल्याकडे योजना आली की यंत्रं येतात, त्यांच्यासोबत पाच वर्षांचा कंत्राटी माणूस येतो, मुदत संपली की तो जातो आणि त्याच्यासोबत पासवर्डही जातात. आपल्या शाळांत यंत्रं कमी असतील, पण खरा तुटवडा आहे तो ‘हे माझं काम’ असं म्हणणाऱ्या नावाचा. गेली दहा वर्षं मी प्रत्येक बैठकीत हेच बोलते आहे. संगणक शिक्षक नेमायला पद नसेल तर मुख्याध्यापक किंवा पर्यवेक्षक यांचं नाव लिहा. हाताने काम दुसरं कोणी करेल, पण विचारायचं कोणाला ते ठरलेलं हवं. कुलपाच्या दोन किल्ल्या, दोन नावं, आणि दारामागे वही: कोणी उघडलं, कधी, कशासाठी. आमच्या या वहीमुळे कळलं की जानेवारीपासून कक्ष फक्त पोर्टल भरायला उघडला जात होता, मुलांसाठी नाही. त्यानंतर मी वेळापत्रक बदलून घेतलं.

सायबर सुरक्षेच्या मानकात बॅकअपचा नियम आहे: महत्त्वाच्या माहितीच्या किमान तीन प्रती, दोन वेगवेगळ्या उपकरणांवर, एक शाळेबाहेर, आणि एक कायम नेटपासून तोडलेली. हा नियम आम्ही फार महाग किमतीला शिकलो.

३ जून २०२०. दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगड त्याच्या तडाख्यात सापडले. टाळेबंदी होती, शाळा बंद. चौथ्या दिवशी, रस्त्यावरची झाडं तोडून वाट केल्यावर, मी शाळेत पोहोचले. संगणक कक्षाचे पत्रे नव्हतेच. कीबोर्डांत पाणी, पाण्यात सुरूची पानं. जनरल रजिस्टरची, म्हणजे मुलांच्या दाखल नोंदींच्या वहीची, १९५८ पासूनची सगळी पानं आम्ही दोन वर्षं खपून स्कॅन केली होती. ती एका संगणकात होती आणि त्यांचा बॅकअप पेन ड्राइव्हमध्ये. पेन ड्राइव्ह होता त्याच खोलीतल्या कपाटात. कपाट उताणं पडलेलं. मूळ रजिस्टरं कार्यालयात कोरडी राहिली म्हणून निभावलं, पण दोन वर्षांचं काम गेलं.

आम्ही पुन्हा स्कॅन केलं आणि या वेळी एक हार्ड डिस्क शहाणपणाने बाहेर ठेवली, चिपळूणला बाजारपेठेत एका सहकाऱ्याच्या घरी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी त्या घराच्या पहिल्या मजल्यावर चढलं. शाळेतली प्रत होती म्हणून या वेळी काही गेलं नाही. पण ‘बाहेर’ म्हणजे नुसतं दुसरं गाव नव्हे, दुसरं संकट, हे त्या दिवशी कळलं. आता आमची एक प्रत शाळेत, एक शाळेच्या ई-मेल खात्याच्या ड्राइव्हवर, आणि एक डिस्क घाटावर कराडला माझ्या भावाकडे, कुलूपबंद आणि पासवर्ड घातलेली. गणपतीला तो येतो तेव्हा डिस्क आणतो, आम्ही नवी प्रत चढवतो, आणि कुठलीही पाच पानं उघडून बघतो. न उघडता ठेवलेला बॅकअप आहे की नाही, हे कोणालाच माहीत नसतं.

नको त्या साइट अडवायच्या तर मालवणच्या शाळेतही आज जमेल असा एक मोफत उपाय आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या (साइटचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ आणि १.०.०.३ घाला. ही क्लाउडफ्लेअरची सेवा प्रौढांच्या आणि घातक साइट बऱ्याच अंशी अडवते. पूर्ण नाही, म्हणून मुलं नेटवर असताना शिक्षक खोलीत हवाच. तुमच्या मुलाला विचारा, तोही हेच सांगेल. आणि सुट्टीत तो आला की एक दिवस त्याला गावच्या शाळेत घेऊन जा. कुलूप तोवर उघडलेलं असू दे.

आमच्या दाखल्यांवर आणि पोर्टलवर मुलांची नावं जुळत नाहीत. ‘कऱ्हाडे’ आडनाव शोधलं की निम्मी मुलं सापडतच नाहीत. डोळ्यांना तर सारखंच दिसतं.
— लिपिक, संगमेश्वर तालुका

तुमचा जुना डेटा मराठीच्या जुन्या फाँटमधून बदलून घेतला असणार. आपला अर्धा र, चंद्रकोरीसारखा, युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन तऱ्हांनी उमटतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, पुढे हलंत आणि ह. दोन, साधा र, हलंत, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखे. संगणकाला मात्र ती दोन वेगळी आडनावं वाटतात. तिसरा प्रकार म्हणजे जोडचिन्ह गळून ‘कर्हाडे’ झालेला, तो तरी डोळ्यांना दिसतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर र ची जी कळ आहे तीच शिफ्टसह दाबली की ऱ येतो. सगळीकडे तोच वापरा. एका बाजूने ‘शोधा आणि बदला’ करून कऱ्हाडे, गोऱ्हे, बिऱ्हाडे अशी आडनावं एकसारखी करून घ्या. दुपारभराचं काम आहे.

नाव आधारवर एक आणि रजिस्टरात दुसरं असेल तर घाईने रजिस्टर खोडू नका. जनरल रजिस्टर हा मूळ दस्तऐवज आहे आणि त्यातली दुरुस्ती रीतसर मंजुरीनेच होते. बहुतेक वेळा चूक आधार काढतानाच्या स्पेलिंगमध्ये असते. पालकांना तिकडची दुरुस्ती करायला सांगा. पाच आणि पंधरा वर्षांच्या टप्प्यावर मुलांचे ठसे अद्ययावत करायचेच असतात, त्याच फेरीत नावही होऊन जाईल. बोटीने किंवा दोन एसट्या बदलून तालुक्याला जाणाऱ्या माणसाला दोन फेऱ्या पडू देऊ नका.

अडगळीच्या खोलीत २००६ पासूनचे सतरा डबा मॉनिटर आणि अकरा सीपीयू पडून आहेत. भंगारवाला तीन हजार देतो म्हणतो. डेड स्टॉकला (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद आहे म्हणून हात लावायला सगळे घाबरतात.
— पर्यवेक्षक, दापोली तालुका

सर, भंगारवाल्याला देऊ नका. तो तारा खाडीकाठी जाळून तांबं काढेल आणि डबे फोडून टाकेल. त्या जाड काचेत शिसं असतं. खाडीतलं काय कोणाच्या ताटात येतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम लागू आहेत, त्यानुसार हा माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा.

घाबरायचं कारण नाही, फक्त क्रम पाळा. यादी करा, प्रत्येक नगाचा डेड स्टॉकमधला अनुक्रमांक आणि अवस्था लिहा. संस्थेच्या शाळा समितीत निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा, ठराव घ्या. वस्तू शासकीय योजनेतून आलेल्या असतील तर त्या कार्यालयाची लेखी मंजुरी आधी. मग सीपीयू उघडून हार्ड डिस्क काढा. त्यांत तुमच्या जुन्या मुलांचे निकाल आणि पत्ते आहेत. प्रत्येक डिस्कला ड्रिलने आरपार तीन भोकं पाडायची, दोघांसमोर, आणि तसं लिहून सह्या करायच्या. माल देताना वजनाची आणि नगांची पावती घ्या, ती निर्लेखनाच्या फाइलला लावा, आणि डेड स्टॉकला लाल शाईने ठराव क्रमांक टाका.

अडचण एकच. एका शाळेच्या सतरा डब्यांसाठी कोणी गाडी घाट उतरून पाठवत नाही. आमच्याकडेही चौदा डबे पडून आहेत, ठराव झालेला आहे, डिस्कांना भोकं पाडून झाली आहेत. तालुक्यातल्या आणखी तीन शाळा तयार झाल्या तर गाडीभर माल होतो. तुमचा ठराव पंधरा मेच्या आत होत असेल तर मासिकाच्या पत्त्यावर मला तसं कळवा. पाऊस लागायच्या आत एकच गाडी बोलावू.